मधली सीट

३ फेब्रुवारी

राजे,

तुझी चिठ्ठी ठमीच्या दप्तरातून मिळाली. डब्याखाली दबून तेलाचा डाग पडला होता, पण वाचता आली. "स्पोर्ट्स कारला जोड म्हणून एक आरामशीर फॅमिली कार घ्यायची आहे. तुझ्याइतकं गाड्यांतलं कळणारं माझ्या ओळखीत कोणी नाही, तेव्हा जुना राग बाजूला ठेवून एखादी सुचव." हे मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. शेवटी कामावर, जुन्या गाड्यांच्या यार्डात, मिस्त्रींना वाचून दाखवलं. हातातला पाना पुसत ते म्हणाले, "बाई, माणूस निगरगट्ट आहे. पण विचारलंय मात्र योग्य ठिकाणी."

जोड हा शब्द बरा शोधलास. आमच्या वेळी तिला जोड नव्हती. तुझ्या त्या पिवळ्या दोन सीटवालीबरोबर मी इतकी वर्षं संसार केला, आणि सवत असूनही तिच्या टायरमधली हवा मीच तपासत होते. ठमी होणार होती तेव्हा मी म्हटलं, आता चार माणसांची गाडी घेऊ. तू म्हणालास, बघू. ठमी चालायला लागली तेव्हाही बघू. ठमी शाळेत गेली, तरी तुझं बघणं काही संपेना. आता तुझ्या नव्या बायकोला, डॉक्टरीणबाईंना, दिवस गेलेत तर तुला एकदम आराम आठवला.

ठमीला दवाखान्यातून घरी आणलं ते टॅक्सीतून. तू मागून तुझ्या गाडीतून येत होतास. एका सिग्नलला शेजारी येऊन थांबलास आणि काच खाली करून हात हलवलास. टॅक्सीवाल्याने विचारलं, "ताई, ओळखीचे आहेत का?" मी म्हटलं, "थोडेफार." हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू हसला असतास, आणि तेव्हा तुझं हसणं मला सहन झालं नसतं.

तरी गाडी सुचवीन. का, ते विचारू नकोस. जुन्या गाड्यांची पारख करूनच माझं पोट भरतं, तेव्हा धंद्याची सवय म्हण. फोन मात्र करू नकोस. फोनवर तिसऱ्या वाक्याला आपले आवाज चढतात आणि ठमी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसते. तू ठरल्याप्रमाणे एक रविवार आड तिला न्यायला येतोस, तेव्हा चिठ्ठ्या दप्तरातूनच जाऊ देत.

आधी एवढंच कळव. गाडीत माणसं किती बसणार?

ठमीची आई


१७ फेब्रुवारी

राजे,

एक साधा प्रश्न विचारला तर तू दोन पानं लिहिलीस. सीटचं कातडं कोणत्या रंगाचं हवं, छताला काच हवी, गाणी ऐकायला काय हवं, सगळं आहे. तुझ्या सासूबाईंचे गुडघे किती दुखतात तेही आहे. माझ्या आईची कंबर धरलेली असायची तेव्हा तिला त्या पिवळीत बसवायला दोघं लागायचे आणि बाहेर काढायला तिघं, आणि तू म्हणायचास, "आईंनी जरा व्यायाम करायला हवा." असो. गुडघे ते गुडघेच. कुणाचे का असेनात.

माणसांबद्दल शेवटी एक ओळ लिहिली आहेस. "चार, कधीतरी जास्त."

कधीतरी जास्त म्हणजे ठमी. बरं.

डॉक्टरीणबाईंची छोटी निळी गाडी बदल्यात देऊन टाकणार, हेही वाचलं. म्हणजे ठमीला न्यायला येणारी गाडी आता जाणार. हे तू कंसात लिहिलं आहेस, म्हणून मीही कंसातच वाचलं.

आता कामाचं. मी गाडी कशी बघते हे तुला ठाऊक आहे, कारण त्यावरून तू माझी थट्टा करायचास. लोक आधी इंजिनाचं झाकण उघडतात. मी आधी मागच्या सीटवर जाऊन बसते. पुढची बाजू सगळे चकाचक करून आणतात. गाडीने घरच्यांना कसं वागवलं ते मागे कळतं. दाराच्या आतल्या बाजूला पोरांच्या बुटांचे ओरखडे असतात. वरच्या कडीला कुणी जीव मुठीत धरून लोंबकळलं असेल तर ती सैल झालेली असते. पट्टा मी पार शेवटपर्यंत ओढून बघते. गाडी पाण्यात बुडालेली असेल तर त्या टोकाला चिखलाची रेघ राहते. ती पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

या पंधरवड्यात तुझ्यासाठी चार-पाच गाड्यांत बसले. एक पांढरी होती, दिसायला झोकदार, पण इतकी उंच की सासूबाईंना स्टूल लागेल. एक बुटकी, लांबलचक. तिच्यात शिरताना मान मोडावी लागते. एकीचं मागचं दार इतकं कमी उघडतं की पोटुशी बाई आडवी होऊन आत जाईल. तू स्वतः गेला असतास तर हीच घेऊन आला असतास, कारण तिचा चेहरा तुझ्या पिवळीसारखा आहे.

काल एक राखाडी आली. फार नटवी नाही. बसायला चढावं लागत नाही आणि वाकावंही लागत नाही, माणूस नुसता सरकून बसतो. डिकीत बाबागाडी न दुमडता मावेल. मागे खालची जमीन सपाट आहे. बहुतेक गाड्यांत मध्ये उंचवटा असतो आणि मधल्या माणसाला गुडघे हनुवटीला लावून बसावं लागतं, तसं हिच्यात नाही. मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे, डोक्याला उशी आहे, आणि सीट खरी सीट आहे, दोन सीटमध्ये उरलेली फट नव्हे.

सासूबाईंचे गुडघे आणि बाबागाडी एवढ्याच कारणांनी मी ही सुचवते आहे.

येऊन बघून जा.

ठमीची आई


२ मार्च

राजे,

गुरुवारी तू येणार होतास. तू आला नाहीस. तुझी बायको आणि सासूबाई तेवढ्या आल्या. ऐन वेळी तुला काम निघालं म्हणे. तुझी कामं बरी अशी वेळ साधून निघतात.

मी कोण हे सासूबाईंना सांगितलं नव्हतं वाटतं. डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "आई, या मॅडम गाड्या दाखवतात." दात काढायच्या आधी बधिर करायची सुई देतात ना, तोच हलका आवाज. मीही म्हटलं, या, बसा, पाणी घ्या. मिस्त्री दुरून बघत होते. त्यांनी हातोडी खाली ठेवली. एरवी माणूस जेवतानाही ती सोडत नाही.

सासूबाई गाडीजवळ आल्या आणि थबकल्या. "अगं बाई, हिच्यात चढायचं कसं?"

"चढायचं नाही, आजी. पाठमोऱ्या उभ्या राहा. खुर्चीवर बसता तशा बसा. हं. आता दोन्ही पाय एकदम आत घ्या."

बसल्या. इकडे तिकडे बघितलं. गुडघ्यावर हात फिरवला. "अरे वा! गुडघा बोललासुद्धा नाही!" मग माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, माझ्या जावयाला तीन दुकानं फिरून जे जमलं नाही ते तू एका मिनिटात केलंस. लग्न झालंय का तुझं?"

"झालं होतं," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई तेव्हा काचेवरचा न दिसणारा डाग निरखत होत्या.

मग त्याही मागे बसून बघायला लागल्या. पोट चांगलंच पुढे आलं आहे आणि पायांवर सूज आहे. मी त्यांच्या पाठीमागे उशी दिली. तुझ्यावर राग काढायला बसलं की ती बाई मध्ये येते आणि माझी पंचाईत होते. कारण तिचा राग येत नाही. तिला बघून मला मीच आठवते. फक्त मला टॅक्सी मिळाली आणि तिला ही मिळते आहे.

बसल्या बसल्या त्यांनी मधल्या सीटवर हात ठेवला आणि विचारलं, "ही मधली कशाला? इथे कोण बसणार?"

सासूबाई म्हणाल्या, "असू दे की. पर्स ठेवायला होते."

तिथे ठमी बसणार हे माझ्या तोंडून यायचं नव्हतं, तुझ्या तोंडून यायला हवं होतं. तुझ्या घरात ते एव्हाना सगळ्यांना माहीत असायला हवं होतं.

आज शनिवार, अर्धी शाळा, म्हणून ठमी दुपारी यार्डात आली. मी बोलायच्या आधीच मिस्त्रींनी तिला राखाडी दाखवली. "ठमाबाई, तुमच्या बाबांची गाडी बघा." मी डोळे वटारेपर्यंत ती आत शिरली होती. डावीकडे बसून बघितलं, उजवीकडे बसून बघितलं, आणि मग मध्ये. तिथून हलेचना.

"आई, मी इथे बसणार. कडेला बसलं की नुसती पुढच्या सीटची पाठ दिसते. इथून सगळा रस्ता दिसतो. आणि सगळे माझ्या शेजारी येतात."

मी म्हटलं, "बघू."

तुझा शब्द माझ्या तोंडात आला. मग मी म्हटलं, "हो. तू इथेच बसशील."

आता ते खरं करणं तुझ्याकडे आहे.

ठमीची आई


१६ मार्च

राजे,

हीच गाडी, पण कोरी घेतलीस, हे वाचून बरं वाटलं. जुन्यावर तुझा विश्वास नाही हे मला नव्याने कळलेलं नाही. आमच्या मालकांचा धंदा बुडाला, पण ते जाऊ दे. गाडी चांगली आहे. सासूबाई तुला दुवा देतील, आणि त्यातली अर्धी माझी आहे हे त्यांना कळणार नाही.

उद्या तू ती घेऊन येणार म्हणून ठमी सकाळपासून अंगात आल्यासारखं करते आहे. वर्गात सगळ्यांना सांगून झालं. शेजारच्या काकूंना सांगून झालं. घरात तीन खुर्च्या ओळीने मांडून मधल्या खुर्चीवर बसून जेवली. "इकडे आजी, इकडे बाळ, मध्ये मी. बाळ रडलं की मी त्याला खुळखुळा वाजवून दाखवणार." तुझ्या बाळाच्या सीटवर टांगायच्या माळेसाठी तिने माझ्या ओढणीच्या काठाचे लोकरीचे गोंडे कापले. मी ओरडले, मग सुई-दोरा दिला.

तिच्याबरोबर एक बूस्टर पाठवते आहे. घाबरू नकोस, ती फक्त उंची वाढवणारी बैठक आहे. ठमी वयाच्या मानाने बुटकी आहे, तुझ्या आईवर गेली आहे. बूस्टर नसेल तर पट्टा खांद्यावरून न जाता गळ्यावरून जातो. आधी बैठक ठेव, मग तिला बसव, पट्टा कमरेखाली ओढून घे आणि खटका वाजला की एकदा ओढून बघ. ती म्हणेल टोचतंय. टोचत नसतं, तिला खाली उतरून बाळाची सीट बघायची असते.

बूस्टर मधल्या सीटवर नीट बसतो. मी तो त्या राखाडीत ठेवून बघितला होता. आता लपवण्यात काही अर्थ नाही. गुडघे आणि बाबागाडी या गोष्टी होत्याच, पण ती गाडी मी तिच्यासाठी निवडली. रविवारी तुझ्या माणसांत तिला एक जागा असावी, तिची म्हणून, एवढाच माझा स्वार्थ. तुझ्याकडून मला दुसरं काही नको आणि कधी मागितलंही नाही.

फोटो काढलास तर एक पाठव. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

ठमीची आई


१८ मार्च

काल संध्याकाळी ठमी परत आली तेव्हा बूस्टर तिच्या काखेत होता. मी विचारलं, "विसरलीस का द्यायला?" ती म्हणाली, "नाही. तिथे ठेवायला जागाच नव्हती." आणि चपला न काढताच पलंगावर जाऊन पडली.

बाकी सगळं आज थोडं थोडं करून काढून घेतलं. ते तुला ठाऊकच आहे. तरी तिच्या तोंडचं सांगते, कारण तू ते पुढच्या सीटवरून पाहिलंस.

तिने पळत जाऊन मागचं दार उघडलं. मागे दोन खुर्च्या. ऐटदार, दोन्ही बाजूंना हात, पाय पसरायला फळी. मध्ये सीट नाहीच. मध्ये हात टेकायचा रुंद कप्पा, वर पेले ठेवायच्या दोन वाट्या. एका खुर्चीत सासूबाई. दुसऱ्या खुर्चीत बाळाची सीट, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली.

ठमी बूस्टर हातात घेऊन दारात उभी राहिली. तू मागे वळून बघितलंस आणि म्हणालास, "अरेच्चा."

अरेच्चा! एवढंच सुचलं तुला?

गाडी मी सुचवली तीच आहे. तिचंच ते वरचं मॉडेल, ज्यात मागची तीन माणसांची सीट काढून दोन खुर्च्या देतात. मला ते माहीत होतं. ज्यांच्या घरात माणसं मोजकी आणि हौस दांडगी असते ते घेतात, म्हणून मी त्याचं नावही काढलं नव्हतं. दुकानातल्या पोराने "साहेब, तुम्हाला हेच शोभेल" असं म्हटलं असेल आणि तू विरघळला असशील. एवढ्यानेच विरघळतोस तू.

मग तू म्हणालास, "ठमे, तू मध्ये कप्प्यावर बस. आजी धरतील तुला." आणि बसवलंस. पट्टा नाही, पाठीला टेकायला काही नाही. जोरात ब्रेक लागला असता तर ती पुढे बसलेल्या तुम्हा दोघांच्या मधून सरळ समोरच्या काचेवर गेली असती. मी रोज अशा काचा बघते. त्या कुठून फुटल्या आहेत हे बघून मी सांगू शकते की गाडीत कोण कुठे बसलं होतं. ते तुला लिहून सांगणार नाही. रात्री तूही थोडं जागं राहावंस असं मात्र वाटतं.

वाट्यांच्या कडा टोचतायत असं ती सांगत होती, आणि या वेळी खरंच टोचत होतं.

सासूबाईंनी तिला पूर्ण वेळ दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. वाटेत त्यांनी विचारलं, "बाळा, तुझी आई काय करते?" ठमी म्हणाली, "गाड्या बघते." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. नंतर म्हणाल्या, "अहो, ती रिकामी खुर्ची काढा की. बाळ यायला अजून अवकाश आहे. पोरीला नीट बसू दे." त्यावर तू काय म्हणालास? "एकदा बसवली ती पुन्हा बसवायची म्हणजे नाकी नऊ येतात."

दोन खटके असतात रे. दोनच. मी डोळे मिटून काढून देते आणि डोळे मिटून बसवून देते.

आणि वर मला निरोप पाठवतोस, की तू सांगायला हवं होतंस, गाडी तूच सुचवलीस. तुला एक मुलगी आहे हे मी सांगायचं? जे अजून जन्मालाही आलं नाही त्याला तू प्लॅस्टिकसकट जागा दिलीस. जी नऊ वर्षं तुला बाबा म्हणते तिला पेल्यांच्या वाट्या.

ती गाडी बदल, नाहीतर दुसरी काही सोय कर. तोवर ती येणार नाही.


३० मार्च

तुझी चिठ्ठी दाराखालून सरकवलेली मिळाली. बेल वाजवायचीही हिंमत झाली नाही ना.

गाडी बदलून मिळणार नाही हे मला तुझ्याआधी माहीत होतं. तुझी तोड वाचली. डॉक्टरीणबाई मोठी गाडी चालवतील, त्यात सासूबाई बसतील, आणि ठमी तुझ्या शेजारी पिवळीत. "तिला तर उलट राणीसारखं वाटेल," लिहिलं आहेस. त्या सीटवर राणीसारखं कसं वाटतं ते मला विचारायचंस.

त्या गाडीत तिला बसवायचं नाही ही वेगळं होताना माझी एकच अट होती. ती मी मोडते आहे. तुझ्यासाठी नाही. मी तिला सांगितलं की बाबाची सोय होईपर्यंत थोडं थांबू, तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही. "बाबा वाट बघत असेल," एवढंच म्हणाली. आता हिला कुणी सांगावं.

सीट पार मागे सरकव. बूस्टर लाव. वेग आवर. मुलीवर छाप पाडायला गाडी पळवायची गरज नसते. ती आधीच तुझ्यावर भाळलेली आहे, माझ्या नशिबाने.


१४ एप्रिल

हे पत्र टपालाने येईल, कारण दप्तर आज घरीच आहे.

त्या रविवारी पिवळीतून तुमच्याबरोबर तळ्यावर जाऊन आल्यावर ठमी खूश होती. निदान मला तसं वाटलं, कारण ती बडबड करत होती. गाडी कशी गुरगुरते, लोक कसे वळून बघतात, एका पोराने फोटो कसा काढला. मी भांडी घासत होते. मनातून मला थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, घ्या, ही पण गेली तिकडे.

मग ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांत आधी पोचलो."

"वा."

"मग वाट बघत बसलो. मोठी गाडी मागेच राहिली होती ना. बाबा सारखा आरशात बघत होता."

"गाडी चालवताना आरशात बघावंच लागतं."

"चालवत असतानाही बघत होता आणि थांबल्यावरही. मी त्याला शाळेतली गोष्ट सांगत होते. तो हं हं म्हणत होता. मग ती गाडी दिसली तर एकदम हसला. मला वाटलं माझ्या गोष्टीला हसला, पण माझी गोष्ट तेव्हा हसायची नव्हती."

माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. त्या सीटवर बसून मी तुझी खूप रूपं पाहिली, पण निदान तू आरशात माझ्याआड कुणाला शोधत नव्हतास. तेव्हा तू फक्त स्वतःलाच बघायचास. मुलीच्या वाट्याला माझ्यापेक्षा वाईट सीट आली.

मी तिला काही सुचवलं नाही. तुला तसं वाटेल म्हणून लिहिते. तू काखा वर करशील आणि म्हणशील, आईनेच कान भरले. कान भरायचे असते तर गेली पाच वर्षं मला कुणी अडवलं होतं? उलट कालच तिचे कपडे इस्त्री करून ठेवले होते, बूस्टर दाराशी ठेवला होता. बाळासाठीची गोंड्यांची माळ तिने ओवून पूर्ण केली, तीही पिशवीत होती.

सकाळी तिने माझा फोन मागितला आणि तुला लावला. मी स्वयंपाकघरात होते, पण आपलं घर केवढं हे तुला ठाऊक आहे, सगळं ऐकू येतं.

"बाबा, मी आज येत नाही. खूप गृहपाठ आहे."

पलीकडून तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. तिचंच ऐकू आलं. "हो. बरं. हो, पुढच्या वेळी. आजीला सांग." आणि फोन बंद. मला वाटलं होतं तू हट्ट करशील, ओरडशील, निदान गाडी काढून दारात येशील. मी तर भांडणाची वाक्यंही मनात जुळवून ठेवली होती. पोळी तव्यावर करपली.

मी बाहेर आले. ती फोन हातात धरून बसली होती, पुन्हा वाजेल म्हणून. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने तिने तो माझ्या मांडीवर ठेवला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बरं बाळा, अभ्यास महत्त्वाचा."

मंगळवारी तिची परीक्षा संपली. बुधवारपासून शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे. हे सगळं तिने तुला त्या पिवळ्या गाडीत बसून सांगितलं होतं, तारखेसकट, आणि तू हं म्हणाला होतास.

"आई," ती म्हणाली, "कुठला गृहपाठ, ते बाबाने विचारलंच नाही."